गॅरेजचा गाळा

माझ्या नणंदेची मंगळागौर मी जवळजवळ मोडीत काढली होती, तीही एका शब्दापायी.

नणंद इकडे परदेशातच, ड्रोहेडा गावी हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तिने लग्न इथल्या इथे परस्पर रजिस्टर केलं, तेव्हापासून सासूबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मंगळागौरीचं निघालं तशा विरघळल्या आणि साताऱ्याहून आल्या. इथे मंगळवारी रजा कोण देतंय, म्हणून शनिवार ठरला. बायका वीसेक, आणि फुगड्या-झिम्म्याला जागा एकच: नणंदेच्या गॅरेजवरची मोठी खोली.

आता मी पडले लाकडी तुळयांची इंजिनियर. या तुळया अखंड झाडाच्या नसतात. वर-खाली लाकडी पट्ट्या आणि मधे चिपा दाबून केलेली पातळ फळी. कुठली तुळई किती लांबवर नेली तर धोका नाही, हे हिशेब करून सांगायचं, हाच माझा पोटापाण्याचा धंदा. वीस बायका नुसत्या बसल्या तर प्रश्न नसतो. पण त्या एका तालात उड्या मारायला लागल्या की जमिनीचा हिशेबच बदलतो. मला राहवेना. माझ्या घरून, डून लेरीहून, नणंदेला फोन करून म्हटलं, “गॅरेजमधून वर बघ, तुळईवर छापलेला नंबर वाच, आणि गाळा मोजून सांग.”

दोन आधारांमधल्या अंतराला आमचे सर गाळा म्हणायचे, पुलाचा असतो तसा. मलाही तोच शब्द लागलाय. तिने मोजलं, आकडा कळवला आणि वर इथल्यांसारखं “ग्रँड ना?”, म्हणजे ठीक आहे ना, असंही विचारलं.

कसलं ग्रँड. हिशेब बसेना. उड्या राहू देत, साध्या पलंग-कपाटालाही ती तुळई पुरत नव्हती. घर तर वर्षानुवर्षं उभं आहे, तेव्हाच मला वास यायला हवा होता. पण भीती वाटली की माझं डोकं चालत नाही. मी फोन करून सांगून टाकलं, “वर कुणी नाचायचं नाही.”

ती म्हणाली, “वहिनी, पूजा काय, मी किचनमध्येही करेन. पण आई माझ्याशी फुगडी घालणार होती गं. ती आपणहून म्हणाली होती.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी सकाळीच टेप घेऊन ड्रोहेडा गाठलं. गॅरेजला सीलिंग नव्हतं, तुळया उघड्याच होत्या. आणि त्या आडव्या होत्या, या बाजूच्या भिंतीपासून त्या बाजूच्या भिंतीपर्यंत.

“तू कुठून कुठे मोजलंस?”

“शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत. अख्खा गाळा. दुकानाचा असतो तसा.”

मी कपाळाला हात लावला. खरा गाळा त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त होता. तिथेच खोक्यावर बसून, उड्यांसकट, पुन्हा हिशेब केला. बसला, आणि चांगला ऐसपैस बसला. सुटले बाई, असं मोठ्याने म्हणत मी नणंदेला मिठीच मारली. तरी बजावलं की एका वेळी निम्म्याच बायका खेळतील, बाकीच्यांनी भिंतीकडेला बसायचं.

संध्याकाळी उजेड भरपूर होता. वर खेळाची तयारी झाली आणि मी कुणाला न सांगता गॅरेजमध्ये जाऊन तुळयांकडे बघत उभी राहिले. कागदावर बसलं म्हणून जीव थोडाच थाऱ्यावर येतो? वर धबधब सुरू झाली. तुळया जरा थरथरल्या, बस्स. मग मायलेकींचं हसणं ऐकू आलं आणि माझे डोळे भरले.

थोड्या वेळाने सासूबाई धापा टाकत खाली आल्या. अंबाडा सुटलेला, चेहरा लालबुंद.

“जिन्यातून मघाशीच बघितलं तुला,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, ही एवढी शिकलेली पोर खुशाल खाली उभी आहे, म्हणजे काही होत नाही. म्हणून लेकीचे हात घट्ट धरले आणि गरगर फिरले.”

मी भीतीने उभी होते, हे त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.