दूध सोसायटीच्या हॉलमधली हाळी

परवा माझ्यावर घोर अन्याय झाला. गावच्या दूध सोसायटीच्या हॉलमध्ये मला खुर्ची मिळाली ती नेमकी चेअरमनच्या फेट्यामागे... समोर एवढा मोठा पडदा, आणि मला दिसतंय काय, तर तुरा.

दुष्काळानं गोठे रिकामे झाले, सोसायटीत दूध येईना, तेव्हा संचालक मंडळाला संस्कृती सुचली. अंबाजोगाईच्या एका मुलीनं आजच्या लढाईतल्या तरुण जवानांवर डॉक्युमेंटरी केलीय, तिचा शो ठेवला. त्यात आमच्या गावचा संदीप आहे ना! चेअरमननं भाषणात 'आपला संदीप' इतक्यांदा म्हटलं, की त्याला जन्म सोसायटीनंच दिला असावा असं वाटायला लागलं.

तुऱ्याला कंटाळून मी भिंतीकडेला सरकलो. तिथं सतरंजीवर संदीपची आई, कौसावहिनी. निम्मं आयुष्य ऊसतोडीत गेलेली बाई. संदीप सुट्टीवर आलाय, पण आत यायला तयार नव्हता... बाहेर पायरीवर बसून होता.

"आल्यापासून गप गप हाय, भाऊजी," वहिनी म्हणाली. "काय झालतं तिकडं इचारलं की म्हणतो, काय न्हाई. झोपत न्हाई धड. आज तरी कळंल म्हणून आले."

पडद्यावर कोवळी पोरं. डोक्यावर ड्रोन भिरभिरतायत, बंदूक कुठं रोखायची तेच कळत नाही. त्यातला एक सांगत होता... दाट धुकं, वायरलेस जॅम, आम्ही काही जण तुकडीपासून तुटलो. मग संदीपनं हाळी घातली. शत्रूलाही ऐकू जाणार हे माहीत असून. आम्ही त्या आवाजाच्या रोखानं परत आलो.

कॅमेऱ्यामागून मुलीनं विचारलं, कशी हाळी? संदीप लाजला. मग तोंडाशी हात धरून घातली... दोन तुटक, एक लांब. कू, कू, कूऽऽऽ!

उसाच्या फडात हाताभरावरचा माणूस दिसत नाही, म्हणून ऊसतोडीच्या टोळीतल्या प्रत्येक घराची हाळी वेगळी; ही कौसावहिनीच्या घरची. आणि ती आली की ओ द्यावीच लागते. नाही दिली, तर कोयते टाकून सगळे शोधायला धावतात.

वहिनी ताडकन उठली आणि भर हॉलमध्ये, पडद्याकडं बघत, तिनं ओ दिली. कू, कू, कूऽऽऽ!

चेअरमनचा फेटा गर्रकन फिरला. मागं कुणीतरी फिसकन हसलं... आणि बाहेर पायरीवरून तीच हाळी आली.

हसणं तिथंच थांबलं. संदीप आत आला, आईशेजारी सतरंजीवर बसला.

"कावून सांगितलं न्हाईस रं?"

"भ्याली असतीस."

"फडात मी तुला हुडकत फिरायचे, तवा काय नाचत होते व्हय?"

तो हसला. मग हळू आवाजात सांगायला लागला... पडद्यावर नव्हतं तेसुद्धा. मी तोंड फिरवून बसलो. ते माझ्यासाठी नव्हतं.

गावाची टिंगल करण्यात माझं आयुष्य गेलंय. पण त्या क्षणी ऊर असा भरून आला, की ठसकाच लागला. वहिनीनं लेकावरची नजर न हलवता स्वतःची पाण्याची बाटली पुढं केली. टँकर आठवड्यातून एकदा येतो, हे मला ती रिकामी झाल्यावर आठवलं.

लढाई आता आभाळातून होते म्हणे... पण चुकलेली पोरं परत आणली ती आमच्या फडातल्या हाळीनं. मी या गावचा आहे, हे आजवर इतक्या ताठ मानेनं कधी सांगितलं नव्हतं.

आज सकाळी टँकर आला. माझी पहिली कळशी मी कौसावहिनीच्या रांजणात ओतली, आणि ती दारात यायच्या आत गल्लीतून बाहेर पडलो.