आधी वाचा, मग अंगठा

माननीय न्यायमूर्ती दत्तात्रेय निकुंभ यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते धुळ्याच्या कोर्टात, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला घरी पाठवलं. मी नवी लघुलेखिका, ते नवे दिवाणी न्यायाधीश. त्यांनी सांगितलेला आदेश टाइप करताना एक वाक्य मला अपुरं वाटलं, म्हणून मी माझ्या मनानं त्याला शेपूट जोडलं. साहेबांनी चष्मा काढला. "चौधरीबाई, हे कोण बोललं?" मी म्हटलं, "कोणी नाही साहेब, पण बरं दिसतंय." "मग उद्यापासून न्यायाधीश तुम्ही व्हा, मी टाइप करतो," असं म्हणून त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला आणि डोकं थंड करून उद्या या म्हणाले. मी इतकी तापले होते की बसमध्ये शेजारच्या बाईशी उगाचच भांडले. दुसऱ्या दिवशी मात्र मुकाट्यानं वेळेवर हजर झाले.

साहेबांच्या अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेबद्दल मोठमोठी माणसं लिहिणारच आहेत. साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातून निघून दिवाणी न्यायाधीश, सत्र न्यायाधीश, उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि निवृत्तीनंतर आखातातल्या एका छोट्या देशात भारताचे राजदूत, ही वाटचाल काही लहानसहान नाही. मी त्यांच्या हाताखाली दोन गावांत मिळून चौदा वर्षं काम केलं. माझे यजमान दीपनगरला नोकरीला होते. ते गेले तेव्हा साहेब तेराव्यालाच नव्हे, तर नंतर दोन महिन्यांनी, सगळे पाहुणे पांगल्यावर घरी आले. मी सासरच्या जवळ असावं म्हणून माझा बदलीचा अर्ज त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून आणला होता. "तुम्ही लिहाल तर त्यात भांडाल," म्हणाले. खरंच होतं ते.

समितीनं मला 'हृद्य आठवणी' लिहायला सांगितल्या होत्या. मी साहेबांना फोन करून विचारलं, काय लिहू? ते म्हणाले, "रशीदचं लिहा. ते लिहिणार नसाल तर काहीच लिहू नका." समितीतल्या एका सद्गृहस्थांचं म्हणणं पडलं, की शुभप्रसंगी अशा गोष्टी कशाला? असेल त्यांचं बरोबर. पण साहेबांचं ऐकायची सवय मला जास्त जुनी आहे.

तर रशीदचं. साहेब तेव्हा सत्र न्यायाधीश होते. कोर्ट कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक इमारतीची नव्हती, आमची होती. रावेरला केळी भरण्याच्या एका आवारात पहाटे रखवालदाराचं प्रेत सापडलं. शेजारी रशीद बसलेला, कपड्यांना रक्त. रशीद ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करायचा, घरी फक्त आई. प्रत्यक्ष पाहणारी साक्षीदार एकच, झुलाबाई. केळीच्या गाड्या भरणाऱ्या टोळीसोबत स्वयंपाकाला आलेली अमळनेरकडची म्हातारी.

तिची साक्ष झाली त्या दिवशी टायपिस्ट रजेवर होता, म्हणून सगळी साक्ष मी वहीत लघुलिपीत घेतली. नियम असा, की जबाब टाइप करायचा, साक्षीदाराला वाचून दाखवायचा आणि मगच त्याचा अंगठा घ्यायचा. उलटतपासणी संपली तेव्हा पाच वाजून गेले होते. म्हातारीची शेवटची बस साडेपाचची. ती दाराकडं बघत राहिली होती. मीच म्हटलं, "साहेब, कोऱ्या कागदावर अंगठा घेऊ का? टाइप मी मागून करते. बिचारी कुठं राहील?" आमच्याकडं असं चालायचं. चांगुलपणानंच चालायचं, हीच तर खोड. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "घ्या, जाऊ द्या त्यांना." मी अंगठा घेतला. म्हातारीनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि ती पळतच गेली.

दुसऱ्या दिवशी मी जबाब टाइप केला. मे महिना, हाताला घाम, वहीची दोन पानं एकमेकांना चिकटलेली. मी ती एकदमच उलटली. खाली नेहमीप्रमाणं 'वाचून दाखवली, बरोबर आहे' हे टाइप केलं, कागदावर तो अंगठा होताच, साहेबांनी सही केली. मधल्या काळात रशीदला सरकारकडून मिळालेले वकील आजारी पडून बदलले, नवे वकील कागदावर जे होतं तेवढ्यावरून बोलले. तीन महिन्यांनी निकाल लागला. दिवसाला पाच साक्षी घेणाऱ्या माणसांना जुनी साक्ष तोंडपाठ नसते, तेव्हा साहेबही कागदावरूनच निकालाला बसले. आणि कागदावर म्हातारीनं रशीदला रक्तानं माखून प्रेताजवळ बसलेलं पाहिलं, एवढंच उरलं होतं. जन्मठेप. रशीद पिंजऱ्यातून खाली उतरला तेव्हा त्याची आई मोठ्यानं रडली नाही, ती नुसती "असं कसं, असं कसं" म्हणत राहिली.

त्या माउलीनं हातपाय गाळले नाहीत. तिनं अमळनेरच्या बाजूला गावोगाव फिरून झुलाबाईला शोधून काढलं आणि एका दुपारी दोघी कोर्टाच्या व्हरांड्यात येऊन बसल्या. साहेब जेवायला निघाले होते. झुलाबाई सरळ आडवी आली. "साहेब, मी तं बठ्ठं सांगं व्हतं. रखवालदार आधीच पडेल व्हता, हाऊ पोऱ्या रस्तावरथीन मांगून उना. मंग त्याले कसाले डांबं?"

शिपाई तिला बाजूला करायला धावला. साहेबांनी त्याला हातानं थांबवलं, परत चेंबरमध्ये आले आणि मला म्हणाले, "वही आणा." मी कपाटातून वही काढली. ती चिकटलेली पानं मी त्यांच्यासमोर नखानं सोडवली. आत पाऊण पान उलटतपासणी होती.

आता लघुलिपी ही अशी चीज, की जिची तिलाच नीट वाचता येते. साहेबांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वाचा." मी काहीही वाचलं असतं तरी ते खपलं असतं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मनात आलंही. यजमान गेलेले, नोकरी एवढाच आधार, आणि पाऊण पान. मग दाराबाहेर बसलेली रशीदची आई दिसली. मी वाचलं. रखवालदार आधीच पडलेला होता. रशीद नंतर रस्त्यानं चालत आला. त्यानं पडलेल्या माणसाचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. म्हातारीनं सगळं सांगितलं होतं आणि मी ते सगळं लिहून घेतलं होतं.

मी रडायला लागले. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "अंगठ्याला परवानगी कोणी दिली?" मी म्हटलं, "मी सुचवलं, साहेब." "मी विचारलं ते परवानगीचं," ते म्हणाले.

स्वतः दिलेला निकाल न्यायाधीशाला फिरवता येत नाही. साहेबांनी त्याच दिवशी उच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. ते मीच टाइप केलं, आणि एकही शब्द माझ्या पदरचा घातला नाही. झालेली चूक न्यायालयाची, म्हणजे माझी, असं साहेबांनी त्यात स्वतःबद्दल सरळ लिहिलं होतं. सोबत ती वही आणि माझा जबाब. मला लेखी ताकीद मिळाली. साहेबांची बढती पुढं कित्येक वर्षं अडली, आणि बाररूममध्ये त्यांच्या मागं "अंगठेबहाद्दर" म्हणून हसणारेही निघाले. रशीदच्या अपिलाचा निकाल लागायला तरीही तीन वर्षं लागली. तो निर्दोष ठरला तेव्हा त्याच्या आईला जाऊन सात महिने झाले होते. मातीलाही त्याला येता आलं नाही.

साहेब त्याला भेटायला रावेरला गेले. मला सोबत घेतलं. रशीदनं खुर्च्या मांडल्या, चहा मागवला. साहेब उभे राहून हात जोडून म्हणाले, "माझी चूक झाली." रशीद म्हणाला, "साहेब, चहा घ्या. पण माफी माझ्याकडं मागू नका. ती अम्मीकडं मागायची होती." आम्ही चहा प्यायलो आणि निघालो.

त्यानंतर साहेबांच्या कोर्टात वाचून दाखवल्याशिवाय एकाही कागदावर अंगठा पडला नाही. कोणाच्या बसेस चुकल्या, कोणी आम्हाला शिव्या घातल्या. ते राजदूत होऊन गेले तेव्हा मी निवृत्त झाले होते, आणि मला वाटलं आता यांना मेजवान्या आणि हारतुरे. कसलं काय! तिथं त्यांच्या टेबलावर येत होते ते मजुरांच्या मृत्यूचे कागद. एक दिवस मला फोन आला. "चौधरीबाई, पहूरला जाल का?" पहूरचा एक वेल्डर बांधकामाच्या परांचीवरून पडून तिथं गेला होता. शव पाठवण्याआधी कंपनीला त्याच्या बायकोची सही हवी होती. साहेबांनी कागदाचं मराठी करून पाठवलं होतं. "पूर्ण वाचा. मधलं काही गाळू नका. मग त्या म्हणतील तसं."

त्याच्या बायकोच्या, मंगलाबाईच्या, ओट्यावर सगळी भावकी जमली होती. थोरले दीर, त्यांना सगळे आबा म्हणत, मला म्हणाले, "अक्का, वाचायचं काय त्यात? सही करू द्या, माती लवकर येऊ द्या." मी वाचत राहिले. तिसऱ्या परिच्छेदात होतं, की मृत्यू कामगाराच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळं झाला. मंगलाबाईनं डोकं वर केलं. "हे खोटं आहे. ते दोरी बांधल्याबिगर घराच्या गच्चीवर बी चढत नव्हते. मी सही करत नाही."

शव सोळा दिवस उशिरा आलं. तोवर भावकीनं मला आणि साहेबांना काय काय ऐकवलं ते इथं छापण्यासारखं नाही. मेलेल्या माणसाला ताटकळत ठेवलं, असंच सगळे म्हणत होते. साहेबांनी तिकडं हट्ट धरून ते वाक्य काढायला लावलं. त्यांना राजदूतपदाची मुदतवाढ मिळाली नाही. ती याच कारणानं, असं मी म्हणणार नाही, माझ्याकडं तसा कागद नाही. ते परत आल्यावर मी त्यांना विचारलं, आपण बरोबर केलं ना साहेब? ते म्हणाले, "त्या बाईंचे सोळा दिवस आपण घेतले, एवढं मला माहीत आहे."

हा लेख लिहून झाल्यावर साहेबांनी सांगितलं, छापायच्या आधी रशीदला वाचून दाखवा आणि तो नको म्हणाला तर फाडा. गेल्या आठवड्यात मी रावेरला गेले. रशीदचे केस आता पांढरे झालेत, एका डोळ्यानं कमी दिसतं. तो दुकानाच्या पायरीवर बसून ऐकत होता. मी माझा घामेजला हात, कोरा कागद, सगळं वाचलं. आईचं आलं तिथं थांबले, तर म्हणाला, "वाचा, वाचा." संपल्यावर बराच वेळ तो फडक्यानं हात पुसत राहिला.

मग म्हणाला, "छापा बाई. इथं आजही लोक म्हणतात, रशीद सुटला. निर्दोष होता असं कोणी म्हणत नाही. झुलाबाई गेली. ते वकील गेले. मी काही केलं नव्हतं, हे ज्यांना पक्कं माहीत आहे अशी तीनच माणसं उरलीत. मी, तुम्ही आणि साहेब. त्यात माझं कोणी ऐकत नाही, आणि तुम्ही पडलात टायपिस्ट."

मला हसूही आलं आणि रडूही. मी विचारलं, "साहेबांना काही सांगू का? पंच्याहत्तर होतायत."

"माफ केलं असं सांगू नका, ते मी केलेलं नाही," रशीद म्हणाला. "पण त्यांना म्हणावं, तब्येत सांभाळा, औषधं वेळेवर घ्या, शंभर वर्षं जगा. माझ्या आधी जाऊ नका."

साहेब, निरोप जसा होता तसा लिहिला आहे.