अंगठ्यानं दाबलेलं काडतूस

मंडळी, आज शूटिंग रेंजवर एक काडतूस रायफलमध्ये नीट बसेना. मी जोर लावून काडतूस आत ढकलणारा बोल्ट बंद केला आणि गोळी झाडली. मांजर्लीतल्या आमच्या घरी येऊन बाबांना फुशारकीनं सांगितलं.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. अख्खी नोकरी त्यांनी लष्कराच्या दारूगोळा कारखान्यात काडतुसं तपासण्यात काढली. एकेक काडतूस गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात टाकायचं. अलगद उतरलं तर पास, अडकलं तर बाद.

"एकदा शिफ्ट सुटायच्या घाईत अडकलेलं एक मी अंगठ्यानं दाबून पास केलं," बाबा म्हणाले. "कुठल्या जवानाच्या हातात पडलं असेल गं ते?"

त्यांना रिटायर होऊन वीस वर्षं झाली. तुम्ही त्यांना काय सांगितलं असतं?