बुटातला खडू

चामराजपेटेतल्या आमच्या शिलाईच्या दुकानात, मशीनच्या बरोबर वर, एक कॅलेंडर आहे. दोऱ्याच्या कुठल्याशा कंपनीने दिलेलं. त्यातला शेवटचा महिना फाडून कितीतरी वर्षं झाली, पण वरचं चित्र अक्काने काढू दिलेलं नाही. हिरवे डोंगर, त्यांच्या बगलेत अडकलेलं धुकं आणि खालून वर जाणारी एक बारीक पायवाट. वाट मध्येच धुक्यात शिरते, पुढची दिसत नाही. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, शिवता शिवता मान वर करते, त्या वाटेकडे दोन क्षण बघते आणि पुन्हा सुईखालच्या कापडाकडे वळते. असं तिला बघताना मी इतक्यांदा पाहिलंय, की डोळे मिटले तरी मशीनच्या आवाजासकट ते दिसतं.

मी त्या दुकानातून वेळीच सटकलो. शिकलो, बेळ्ळंदूरच्या एका काचेच्या इमारतीत नोकरीला लागलो आणि ऑफिसातल्या मंडळींबरोबर दरवर्षी पाठीवर सॅक टाकून कुठला ना कुठला डोंगर चढू लागलो. परत आलो की अक्काला फोटो दाखवायचे, हा शिरस्ता. ती फोन डोळ्यांजवळ नेऊन प्रत्येक फोटो निरखायची. "ही ती वाट नव्हे," म्हणायची आणि फोन परत द्यायची.

ती स्वतः कधी आली नाही, कारण अप्पा. आमच्या वडिलांना साखरेचा आजार होता आणि त्यांच्या पायांची जाण गेली होती. एकदा चपलेतून खिळा वर आला आणि तीन दिवस तळव्यात रुतत राहिला. त्यांना पत्ताच नाही. रक्त दिसलं तेव्हा त्यांनी ते लपवलं, उगीच घरात घबराट नको म्हणून. आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय. त्यानंतरची सहा वर्षं अक्काने त्यांचं सगळं केलं आणि दुकानही चालवलं. मी दर रविवारी पपया घेऊन जात असे आणि स्वतःला फार कर्तव्यदक्ष समजत असे.

अप्पा गेले. पुढे दोन वर्षांनी एका दुपारी अक्का कॅलेंडरकडे बघत म्हणाली, "तम्मा, एकदा मला पण ने की. पाठीला पिशवी लावून. दोन दिवस." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. आमच्या घराण्यात बोलणं मराठी, पण हाका कधीच्याच कानडी झाल्यात. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी लगेच हो म्हणालो.

पण एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. माझ्याही पायांची जाण जात चालली होती.

सुरुवात फार गोड होती, हे कबूल करायला हवं. आधी मोजे काढले तरी ते पायात आहेत असं वाटायचं. मग घरची फरशी मऊ लागायला लागली, गादी अंथरल्यासारखी. सकाळी तळ्याच्या बाजूने चालायला जायचो तेव्हा जमीन आपल्यापासून दोन बोटं खाली आहे, असं वाटत राहायचं. समोर टॉवरच्या काचांवर कोवळं ऊन, पाण्यावर वाफ, आणि मी आपला त्या मऊ रस्त्यावरून तरंगत चाललोय. दुखत काहीच नव्हतं. न दुखणाऱ्या गोष्टीची तक्रार करायची तरी कशी? साखरेच्या आजारावरच्या गोळ्या मीही घेत होतो. डॉक्टरांनी विचारलं की बाकी सगळं ठीक म्हणून मोकळा होत होतो. हे काय आहे ते मला ठाऊक होतं. अप्पांच्या घरात वाढलेल्या माणसाला ते ठाऊक नसणार कसं? पण एकदा सांगितलं की अक्का पुन्हा त्या कॅलेंडरखाली जाऊन बसणार. शिवाय मला भीती वाटत होती. अप्पांच्या पायाकडे ती ज्या नजरेने बघायची, तीच नजर माझ्याकडे वळलेली मला नको होती.

बूट घ्यायला आम्ही एका रविवारी संध्याकाळी गेलो. संध्याकाळपर्यंत पाय थोडे सुजलेले असतात, डोंगरातही सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावेत, असं मीच तिला ऐटीत सांगितलं होतं. रिंग रोडवरचं ते दुकान भलं मोठं होतं. मध्येच लाकडाचा एक लहानसा चढ-उतार केलेला, त्यावर दगड बसवलेले. बूट घालून त्यावरून चालून बघायचं. विक्रेता पन्नाशीचा, स्वतः पुष्कळ डोंगर हिंडलेला माणूस. तो आमच्याशी कानडीत बोलत होता. उतरताना बोटं पुढे आपटता कामा नयेत, चढताना टाच उचलता कामा नये, बाकी सगळं तुमचा पाय तुम्हाला सांगेल, म्हणाला. मी मान डोलावली.

अक्काने आधी माझे बूट तपासायला घेतले. बूट उलटासुलटा करून तिने शिवणीवरून नख फिरवलं. "पाणी कापडातनं येत नाही," ती विक्रेत्याला म्हणाली, "शिवणीतनं येतं. रेनकोट शिवलेत मी." मग बुटाची जीभ बाहेर ओढून ती दोन्ही बाजूंना कुठपर्यंत शिवलीय ते तिने बघितलं. एका जोडीची जीभ अर्ध्यातच मोकळी होती. "नाल्यात पाय पडला की आत तळं," ती म्हणाली आणि तो जोड बाजूला ठेवला. विक्रेता तिच्याकडे आदराने बघायला लागला होता.

मग ती माझ्या पायाशी बसली. मी पाय मागे घेतला. थोरल्या बहिणीने धाकट्याच्या पायाला हात लावायचा म्हणजे मला कसंतरीच झालं.

"टेलर आहे मी," ती म्हणाली. "बहीण घरी गेल्यावर."

तिने पिशवीतून शिंप्याचा चपटा निळा खडू काढला. तो तिच्याजवळ कायम असतो, देवळात जातानाही. मोज्यावर घोट्याच्या हाडापाशी तिने खूण केली, बूट त्याच्या वर येतो की नाही ते बघायला. मग उजव्या बुटाची नाडी ओढायला दोन्ही हात लागले, तेव्हा तिने खडू शेजारी ठेवला. शेजारी म्हणजे जे समोर येईल त्यात. दुकानात तो माझ्या चहाच्या पेल्यात सापडलाय, गिऱ्हाइकाच्या खिशातून घरी गेलाय. तिची ती जन्माची खोड आहे. तेवढ्यात विक्रेत्याने डावा बूट माझ्यापुढे धरला, मी पाय घातला, त्याने नाडी आवळली.

मी चढावरून गेलो, दगडांवर उभा राहिलो, उतरलो, पुन्हा गेलो. पायांखाली तोच ओळखीचा मऊपणा. मला डोंगर दिसायला लागले, पुढे मी, मागे अक्का, आजूबाजूला धुकं.

"कसं वाटतंय?" अक्काने विचारलं.

"मस्त. अगदी मापाचे."

"कुठे लागत नाही ना?"

"अजिबात नाही."

ती खडू शोधत होती. अंबाड्यात बघितला, पिशवी उपसली, बाकाखाली वाकून बघितलं. मी डावा बूट काढला. तिने तो सहज उचलून उलटा केला. आतून खडूचे तीन तुकडे आणि मूठभर निळी भुकटी खाली पडली. माझ्या मोज्याचा तळवा निळा झाला होता.

विक्रेता हसला, मग आमचे चेहरे बघून उजव्या बुटाची नाडी सोडायला वाकला. अक्काने माझा पाय धरला, मोजा ओढून काढला आणि तळव्यात अंगठ्याचं नख दाबलं.

"कळतंय?"

मी दुकानाच्या छताकडे बघत होतो. "नाही."

"केव्हापासनं?"

"दोन वर्षं."

ती बाकावर बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. वाकून तिने खडूचे तुकडे तळहातावर गोळा केले. "अप्पांनी पण सांगितलं नव्हतं," ती म्हणाली, "त्यांची तर सहा वर्षं केली मी. तुझी किती करायची?" मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिचा डोंगर वाचवतोय असं मी समजत होतो, आणि खरं तर पुन्हा एक आजारी माणूस तिच्या गळ्यात बांधायच्या बेतात होतो.

आम्ही बूट न घेता परतलो.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानाला कुलूप लावलं, माझ्या ऑफिसला मलाच फोन करायला लावला आणि मला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाय तपासले, सुई लावून बघितली, नाडी बघितली. रक्त नीट पोचत होतं, जखम कुठे नव्हती. चालायला बंदी नाही, म्हणाले, पण वाट छोटी, सॅक हलकी, मोजे कायम कोरडे. दर तासाला बूट काढून कुणीतरी दोन्ही पाय डोळ्यांनी बघायचे. आणि बूट असे की कुठेही घासणार नाहीत. अक्का हे सगळं गिऱ्हाइकाचं माप घेतल्यासारखं ऐकत होती. त्यानंतर पंधरा दिवस ती या विषयावर एक अक्षर बोलली नाही. कॅलेंडरकडेही बघत नव्हती. मला ते सहन होत नव्हतं. एका संध्याकाळी मीच म्हणालो, "तू दुसऱ्या कुणाबरोबर तरी जा अक्का."

तिने मशीन थांबवलं. बाहीला काज करून बाजूला ठेवावी तितक्या शांतपणे म्हणाली, "तुझ्या पायाला कळत नाही नं? सरी. मग खडूला विचारू." सरी म्हणजे कानडीत 'ठीक आहे'.

आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. तोच विक्रेता होता. त्याने काही न विचारता बाक पुसून दिला. अक्काने माझे दोन्ही मोजे खडूने रंगवले, बोटं, टाच, करंगळीची बाजू, सगळं. अंगात कोट कुठे काचतो हे गिऱ्हाइकाला सांगता येत नाही तेव्हा ती अस्तरावर असाच खडू फिरवते. बूट घालून मी चढावरून दहा फेऱ्या मारायच्या, मग बूट काढायचे, आणि ती मोजे उजेडात धरून बघायची. निळा जिथे पुसून गेला, तिथे बूट घासतो. पहिल्या जोडीने करंगळीचा खडू पार खाल्ला. दुसऱ्या जोडीने टाचेचा. तिसरा जोड पायाला छान बसला, पण जीभ मोकळी. अक्का प्रत्येक बूट ओल्या फडक्याने आतून पुसून परत ठेवत होती. पाचव्या जोडीच्या वेळी तिने मोजे कितीतरी वेळ निरखले. सगळीकडे सारखाच फिका निळा होता.

"हे," ती म्हणाली. मला ते आवडले की नाही, हे तिने विचारलं नाही.

स्वतःचे बूट तिने पाच मिनिटांत घेतले.

पाऊस सरल्यावर आम्ही सकलेशपूरकडच्या डोंगरात गेलो. वाट छोटी, कॉफीच्या मळ्यांतून वर गवताळ माथ्यावर जाणारी. आधी एक ओढा लागला. घोट्याएवढं पाणी होतं, मी त्यातून चालत गेलो, आणि पलीकडे अक्काने मोज्यावर हात दाबून बघितला. कोरडा. ओलं झालं असतं तरी मला कळलं नसतं. वर चढत गेलो तसं धुकं खाली उतरलं. झाडं पुसट झाली, आवाज बुजले. सगळ्या जगालाच माझ्या पायांसारखं झालं होतं. समोर वाट बारीक होत धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली.

अक्का थांबली. तिच्या पाठीवर केशरी सॅक, साडीऐवजी तिनेच शिवलेली पँट, केसांवर पाण्याचे बारीक थेंब. तिने त्या वाटेकडे दोन क्षण बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, हीच ती.

तिने घड्याळ बघितलं. "तास झाला. बस, बूट काढ."

मी दगडावर बसलो. ती समोर गवतात बसली. "कसं वाटतंय?"

"मस्त" हा शब्द सवयीने ओठांपर्यंत आला. मी तो तिथेच थांबवला.

"काही वाटत नाही, अक्का."

"सरी," ती म्हणाली आणि माझा पाय उचलून मांडीवर घेतला. या वेळी मी तो मागे घेतला नाही.