सोलोमन साहेबांच्या लेकीबरोबर तलावापर्यंत

रविवारी सकाळी नऊला शिरूर कासारहून निघालो. गाडी भाड्याची, बीडहून आलेली. ड्रायव्हरने माझ्यासाठी पुढचं दार उघडून धरलं. मी मागेच बसलो, कारण पाहुणी मागे बसली होती आणि पाहुणीला एकटं बसवणं मला पटत नाही.

"बाबा, पुढं बसा की. पाय मोकळे राहतेन."

"माझ्या पायाचं मी बघतो. तू रस्त्याचं बघ."

पाहुणीचं नाव रिबका. वय पन्नाशीच्या आतबाहेर, जन्म इस्राएलचा. तिचे वडील सोलोमन साहेब हे बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. बोलणं मराठीच, फक्त देव निराळा आणि सुट्टी शनिवारची. माजलगावच्या अलीकडे एक लहान तलाव झाला, त्यावर साहेब ओव्हरसियर होते आणि मी त्यांचा खलाशी (मोजणीची पट्टी धरणारा गडी). नंतर साहेब देश सोडून गेले. दोन वर्षांपूर्वी ते तिकडेच वारले. त्यांच्या पेटीत आम्हा दोघांचा फोटो निघाला, मागे माझं नाव आणि गाव. तेवढ्यावर ही बाई समुद्र ओलांडून आली. शनिवारी प्रवास करत नाही म्हणून आदला दिवस बीडला थांबली होती.

गावाबाहेर पडलो तर निम्म्या घरांना कुलपं. लोक कोयते घेऊन उसाला गेलेले. रिबकाने विचारलं, मी सांगितलं, तिने मान हलवली. मराठी छान बोलते, आजीच्या वळणाचं. वाचता मात्र येत नाही. मी चौथी पास आहे, वाचतो आणि लिहितोही, हे मी तिला सांगून ठेवलं.

बीड मागे पडल्यावर तिने मनातलं काढलं.

"काका, एक विचारू? बाबांनी इकडची गोष्ट कधी सांगितलीच नाही. आत्या सांगायची. काही बिनसलं की ती म्हणायची, तुझ्या बापाने लोकांची घरं बुडवली, म्हणून त्याला नोकरीवरून काढला. बाबा ऐकून घ्यायचे आणि बाहेर जाऊन बसायचे. तुम्ही त्यांच्याबरोबर होतात. खरंच चुकले होते का ते?"

मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "तलावावर गेल्यावर सांगतो."

वडवणीला जेवायला थांबलो. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसरची आमटी (येसर म्हणजे धान्यं आणि मसाला भाजून केलेली पूड). रिबकाने आमटीचा एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. मला वाटलं, तिखट लागली.

"ही आमटी बाबा करायचे," ती म्हणाली. "महिन्यातून एकदा, स्वतः, कुणाला हात लावू न देता. आम्ही समजायचो ही कोकणातली. आत्या म्हणायची, असलं काही आपल्यात नसतं. मग ही कुठली?"

"आमच्या घरची. माझ्या बायकोनं शिकवली त्यान्ला. शनिवारी साहेब चूल पेटवायचे न्हाईत. आमच्याकडून भाकर आन् ही आमटी जायची."

तिने तीन वाट्या आमटी खाल्ली. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, पाणी घ्या मधी, न्हाईतर बीडचा दवाखाना दाखवावा लागंल." ती हसली. हसताना साहेबांसारखी एक भुवई वर जाते. मी पुढे जेवलो नाही.

तलावावर दुपारी दोनला पोचलो. पाणी निम्म्यावर होतं, कडेला हरभरा. तलावालगत वरच्या अंगाला पाच घरांची वस्ती आहे. तिथली गयाबाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी दर साल हुरड्याला तिच्याकडे येतो. ती ओसरीवर तूर पाखडत होती.

"कोण आणलंस रं संगं?"

"सोलोमन साहेबाची लेक."

गयाबाईने सूप खाली ठेवलं, रिबकाचा हात धरून तिला जवळ बसवलं आणि लगेच सुरू झाली. "बाई, तलाव पहिल्यांदा भरला तवा पाणी आमच्या चुलीपतूर आलं. कणगी भिजली, जवारी नासली, मागून घरं हितं वर बांधली. तुझा बाप सकाळी सकाळी आला. कमरंइतक्या पाण्यात शिरला आन् माझ्या जात्याची तळी डोईवर घिऊन भाईर आला. साहेब माणूस. चुकला, पर पळाला न्हाई."

रिबका हळूच म्हणाली, "म्हणजे चूक झाली होती."

तिचा हात गयाबाईच्या हातात तसाच राहिला, पण मान खाली गेली. जे खोटं निघावं म्हणून ती एवढ्या लांबून आली होती, तेच तिला खरं म्हणून ऐकायला मिळालं होतं. मी उभाच होतो. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं.

"साहेब चुकले न्हाईत. दगड मी बसवले."

मग सगळं सांगितलं. पाणी कुठपर्यंत चढणार ती रेघ साहेब दुर्बिणीतून काढायचे. मी पट्टी धरायची, ते हात वर करतील तिथे लाकडी खुंटी ठोकायची. मग खुंटीच्या जागी दगड. दगडांच्या आतली घरं उठवायची, बाहेरची राहायची. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत सगळ्या खुंट्या झाल्या. सोमवारी वरचे साहेब येणार होते. शनिवारी सोलोमन साहेब कामाला हात लावायचे नाहीत, म्हणून त्यांच्यावाचून मीच चार गडी घेऊन दगड बसवायला आलो. शेवटच्या टप्प्याला खुंट्याच नव्हत्या. कुणीतरी सरपणाला नेल्या होत्या. एक दिवस थांबायला हवं होतं. पण मी दोन वर्षं पट्टी धरलेली, मला वाटलं माझी नजर दुर्बिणीला हार जाणार नाही. नजरेने दगड बसवले. ते खऱ्या रेघेच्या खाली बसले आणि ही वस्ती दगडांच्या बाहेर राहिली, म्हणून ती कुणी उठवली नाही.

"चौकशी लागली तवा आदल्या दिवशी साहेबांनी मला इचारलं, खुंट्या होत्या का? मी म्हनलं, होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, दगड माझ्या हुकमानं बसले. त्यांची नोकरी गेली. मी पुढं नोकरीत कायम झालो."

गयाबाई माझ्याकडे बघत राहिली. "आन् इतकी वरसं माझा हुरडा खाऊन गेलास व्हय रं?"

तिने सूप उचललं आणि तूर पाखडायला लागली, जरा जोराने.

रिबका पाण्याकडे चालत गेली. मी थोड्या वेळाने मागे गेलो. तिने विचारलं, "तुम्ही खोटं बोलताय हे त्यांना कळलं होतं?"

"कळलं होतं. जाताना एवढंच म्हनले, पुढच्या बारीला रविवारची वाट बघ."

ती डोळे पुसत हसली की हसता हसता रडली, मला सांगता येणार नाही. मग तिने फोन काढला, आत्याला लावला आणि माझ्या हातात दिला. "मला सांगितलंत तसंच सांगा."

आत्या नव्वदीची. मी सगळं पुन्हा सांगितलं, एक शब्द न गाळता. पलीकडून म्हातारीचं बोलणं आलं, "मग हा मेला कधी बोलला का नाही आमच्याशी?" आणि तिचा रडण्याचा आवाज. फोन रिबकाने घेतला. त्या दोघी त्यांच्या तिकडच्या भाषेत बोलत राहिल्या.

परत येताना तिने त्या चुकीचा विषय काढला नाही. साहेब चालायचे कसे, गाणं म्हणायचे का, चिडल्यावर काय करायचे, हेच विचारत होती. चालायचे भरभर, गाणं बेसूर, चिडले की टोपी काढून झटकायचे. माझ्या लग्नाच्या वरातीत नाचले होते, हे सांगितल्यावर तिने ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला लावली. शिरूरला उतरताना ती माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले. तिने ते पुढे येऊन धरलेच. तीही हट्टी आहे.

दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात बसलो. गावात सध्या म्हातारेच आहेत. त्यांना मी पन्नास वर्षं सांगत आलो, त्या तलावाची रेघ माझ्या नजरेची आहे. ते विचारायला लागले, बाईला काय काय दाखवलं? मी सांगायला लागलो. दोघं मधेच उठून गेले, त्यांचे सोयरे त्याच वस्तीतले. एकजण कप हातात धरून बसून राहिला.

त्याला मी सगळं सांगितलं, खुंट्या नसलेल्या त्या शनिवारपासून.