कुठलं ऑइल, ते भावोजींनाच विचारा

भावोजींचं तेरावं झाल्यावर त्यांच्या पिकअपचं इंजिन ऑइल बदलायला म्हणून मी गाडीखाली शिरलो, गिअरबॉक्सचं तेल खाली सोडून दिलं आणि वरून इंजिनात कॅनभर नवं तेल ओतलं. इंजिनात जुनं तेल होतंच. म्हणजे एकाला उपाशी ठेवलं आणि दुसऱ्याला भरल्या पोटी आग्रह करकरून पुन्हा पंगतीला बसवलं. हे सगळं मी एकट्याने, कुणाचीही मदत न घेता केलं. पुढं काय झालं ते सांगतोच, पण आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. यात निम्मा दोष भावोजींचा आहे. जो माणूस वर्षानुवर्षं तेलाशिवाय दुसऱ्या विषयावर बोलला नाही, ज्याने लग्नात, बारशात, अगदी मयतीला जमलेल्या लोकांनाही डिझेलच्या गाडीला तेल कसं निवडावं हे ऐकवलं, तो स्वतःच्या गाडीत शेवटी कुठलं तेल आहे ते मात्र कुणालाही न सांगता निघून गेला. याला काय म्हणायचं?

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुनंदाताईचे यजमान, हरिश्चंद्र. ते गेल्याची बातमी माझ्याकडे तक्रार म्हणून आली. दुपारी त्यांच्याच मोबाइलवरून फोन आला, पण आवाज परका. "ये फोनवाले आपके कौन लगते हैं?" मी म्हटलं, "जीजाजी. क्यों?" "पूर्णा के गोडाऊन पे हैं. गाडी आगे नहीं ले रहे. पूरी लाइन रुकी है." मी वैतागलो. मला वाटलं, बॉनेट उघडून, तेलाची पट्टी बाहेर काढून रांगेतल्या ड्रायव्हरांचा वर्ग घेत बसले असणार. असं पूर्वी झालेलं होतं. मी म्हटलं, "उनके कान के पास जोर से बोलो, जना का फोन है, अभी के अभी गाडी हटाओ." त्या माणसाचा आवाज एकदम खाली आला. मग म्हणाला, "भाईसाब... आप आ जाओ." आमच्या वळ गावाहून पूर्ण्याला पोचेपर्यंत मी मोटरसायकलवर भावोजींना काय काय सुनावायचं ते जुळवत होतो. एकेक वाक्य चांगलं धारदार झालं होतं. ती वाक्यं अजून माझ्याकडे तशीच पडून आहेत.

पिकअपच्या आधी भावोजींचे भिवंडीत चार लूम होते. त्या खडखडाटात उभं आयुष्य गेल्यामुळे ते शेजारी बसलेल्या माणसाशीसुद्धा गल्लीच्या टोकाला उभं असल्यासारखे बोलत. कापडाचा धंदा बसला, लूम भंगारात गेले, आणि इकडे आमच्या शेतांवर गोदामं उभी राहायला लागली तेव्हा त्यांनी डिझेलची पिकअप घेतली. लूमला तेल देण्यात हयात गेली, तेव्हा तेलातलं आपल्याला कळतं, हा त्यांचा सिद्धांत. आणि तो खोडून काढायची सोय आमच्या घरात नव्हती. आमच्याकडे जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. जावई म्हणाला समोरच्या खाडीचं पाणी गोडं आहे, तर आमचे बाबा तांब्या घेऊन निघतील. मी एकदा भीत भीत म्हटलं, "बाबा, लूमचं तेल वेगळं, इंजिनचं वेगळं." बाबा म्हणाले, "जावई बोलले ना? मग तसंच हाय. तू गप ऱ्हा."

तेल आणायला ते अंबाडीला जात. घरापासून भिवंडीच्या नाक्यापर्यंत तेलाची दुकानं ओळीने मांडलेली असताना हा माणूस वाड्याच्या रस्त्याला अंबाडीपर्यंत का जातो, तर तिथला दुकानदार कॅनचं झाकण उघडून वास घेऊ देतो म्हणून! वास घ्यायचा, मग थेंब अंगठ्यावर घेऊन बोटाने चोळायचा, मग डोळे मिटायचे. दोन-तीनदा मला सोबत नेलं. मलाही वास घ्यायला लावला. मला सगळ्या कॅनचा वास एकच यायचा. तसं म्हटलं तर भावोजी दुकानदाराकडे बघून खेदाने मान हलवत.

सिंथेटिकचं वेड लागलं ते एका मेळाव्यात. कुठल्या तरी तेलवाल्यांनी ड्रायव्हर-मालकांना हॉटेलात जेवायला बोलावलं, टीशर्ट वाटले, आणि बर्फात ठेवलेल्या दोन नळ्या उलट्या करून दाखवल्या. एका नळीत साधं तेल, ते आळशासारखं खाली यायला तयार नाही. दुसरीत सिंथेटिक, ते भसकन उतरलं. भावोजी टीशर्ट घालूनच घरी आले आणि आमच्या ओट्यावर त्यांचं प्रवचन सुरू झालं. मी विचारलं, "भावोजी, वळमध्ये बर्फ कधी पडतो?"

"बर्फाचा विषयच नाही. सकाळी इंजिन थंड असतं की नाही?"

"आपल्याकडे सकाळी माणूस थंड नसतो, इंजिन काय असणार?"

"मेव्हण्या, तुला कपड्याच्या भाषेत सांगतो. साधं तेल म्हणजे सुती. सिंथेटिक म्हणजे टेरिकॉट. सुती दोन धुण्यांत चुरगळतं. टेरिकॉट वर्षभर घाल, इस्त्री मोडत नाही."

"पण टेरिकॉटमध्ये घाम येतो."

ते चिडले. बाबांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. ताई आतून चहा घेऊन येत होती, ती पदर तोंडाला लावून परत आत गेली. खरं सांगायचं तर थंड इंजिनाबद्दल ते अगदीच चुकीचं बोलत नव्हते, हे मला पुढं कळलं. पण ते बरोबर असले तरी इतक्या मोठ्याने बरोबर असत की माणसाला विरोध केल्याशिवाय राहवत नसे.

गाडीत सिंथेटिक गेलं आणि गाडी गळायला लागली. इंजिनाच्या जुन्या रबरी सीलांना ते पातळ, धुऊन काढणारं तेल मानवलं नाही, असं गॅरेजवाले म्हणाले. भावोजींना ते मान्य नव्हतं. जिथं जिथं पिकअप उभी राही तिथं काळा ठिपका. आम्ही तेव्हा नुकत्याच अंगणात फरश्या बसवल्या होत्या. आता जावयाची गाडी गळते, असं म्हणता येत नाही. तो जावयाचा अपमान. मग आईने रीत काढली. भावोजी दारात आले की ती त्यांना पाट मांडायची आणि मी गाडीखाली सरपटत जाऊन परात मांडायची. जेवण होऊन ते निघाले की पुन्हा सरपटत जाऊन परात ओढायची. गावातली माणसं बघायची. एकदा भावोजींनी मला खालून बाहेर येताना पाहिलं आणि विचारलं, "काय शोधतोस?" मी म्हटलं, "पैंजण पडलं." माझं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं.

मग काही दिवस अर्धं सिंथेटिक, अर्धं साधं. मग जाड तेल. मग पुन्हा सिंथेटिक, वेगळ्या रंगाच्या कॅनमधलं. प्रत्येक वेळी नवा साक्षात्कार आणि प्रत्येक वेळी ओट्यावर नवं प्रवचन. एका दिवाळीला मी ठरवलं, जावयाला शर्टपीस देतात, आपण तेल द्यावं. खूश होतील आणि निदान सण गप्प जाईल. ठाण्याहून चांगला महागडा सिंथेटिकचा कॅन आणला, त्यावर शर्यतीच्या मोटारीचं चित्र. भावोजींनी ताईचा चष्मा लावून कॅनच्या मागची बारीक अक्षरं वाचली आणि चष्मा काढून सगळ्या घराकडे पाहिलं.

"इथं एस लिहिलंय. डिझेलला सी लागतं. हे पेट्रोलच्या गाडीचं तेल आहे. जना, तू जावयाला दिवाळीची साडी आणलीस."

घर हसून हसून आडवं झालं. बाबा हसले, जे कधी हसत नसत. तो कॅन भावोजींनी परत मात्र केला नाही. सासरचं दिलेलं परत करत नाहीत, म्हणाले. पुढं सायकलच्या साखळीपासून दाराच्या बिजागऱ्यांपर्यंत ताईच्या घरातलं सगळं त्या तेलावर चाललं. त्या घरातल्याइतकं गुळगुळीत दार भिवंडी तालुक्यात दुसरं नसेल.

असा हा माणूस. तो गेल्यावर प्रश्न गाडीचा आला. नातेवाइकांचं मत पडलं, विकून टाका, बाईमाणसाला गाडीची कटकट कशाला? ताईने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गाडी विकायची न्हाय. ड्रायव्हर ठेवीन. त्यांनी गोदामवाल्यांची कामं सांभाळली, ती मी सांभाळीन. दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत बसायची न्हाय मी." गोदामवाल्यांनी सोमवारपर्यंत वाट बघतो म्हणून सांगितलं होतं. तोवर गाडी दारात आली नाही तर काम दुसऱ्याला जाणार. म्हणजे ताईची उद्याची सगळी मदार त्या पिकअपवर. आणि भावोजींनी शेवटी तेलात काय काय मिसळलं होतं, देव जाणे. शेवटच्या दिवसांत ते लूमच्या जुन्या, नाव नसलेल्या डब्यातून तेल ओतत. तेव्हा मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "ताई, सगळं जुनं काढून नवं घालतो. काळजी करू नको."

रविवारी गाडीखाली शिरलो. जो बोल्ट पहिला दिसला तो सोडला. तेल आलं... आणि मी बघतच राहिलो. घट्ट, सोनेरी, स्वच्छ. इंजिनचं जुनं तेल काजळीसारखं काळं असतं एवढं मलाही ठाऊक होतं. हे मधासारखं! माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सिंथेटिक! इतका काळ चालूनही काळं पडलं नाही. भावोजी म्हणत होते ते अक्षरशः खरं, आणि आम्ही आयुष्यभर त्यांची टिंगल केली. मी तसाच उताणा पडून रडलो. मग बाहेर येऊन ताईला हाक मारली, परात दाखवली, म्हटलं, "बघ ताई. भावोजी बरोबर होते. आपण त्यांना ओळखलंच नाही." ताईनेही पदर डोळ्याला लावला. बाबा म्हणाले, "मी सांगत व्हतो." शेजारपाजारचे येऊन परातीतलं तेल बघून गेले. एकाने तर नमस्कार केला.

मग मी वरून नवं तेल ओतलं आणि चावी फिरवली.

धूर असा आला की पलीकडच्या आळीतल्या बायकांनी दारं लावून घेतली. त्यांना वाटलं ग्रामपंचायतीची डासांची गाडी आली. मी घाबरून गाडी पुढं काढली, तर गिअर असे विव्हळले की कुत्री भुंकायला लागली. वळणावरच बंद केली. नाक्यावरून इस्माईलभाई मिस्त्रीला आणलं. तो खाली गेला, पट्टी पाहिली, परातीतल्या त्या पूजनीय तेलात बोट बुडवून वास घेतला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "जनासेठ, ये तो गिअर का तेल है. ये काला होताच नहीं. किसने निकाला?"

नमस्कार करणारा गृहस्थ हळूच निघून गेला.

गाडी लगेच बंद केली म्हणून वाचलो. इस्माईलभाईने दुपारभर खपून इंजिनातलं सगळं उपसलं. ते अर्थातच डांबरासारखं काळं निघालं. गिअरबॉक्स भरला, फिल्टर बदलला. मग हात पुसत त्याने विचारलं, "अब इंजिन में क्या डालूँ? सिंथेटिक या सादा?"

"भावोजींना विचारा," मी म्हटलं. त्याच क्षणी बाबाही म्हणाले, "जावयाला विचारा." सवयीने. दोघांच्याही तोंडून गेलं... आणि मग तिथं उभ्या असलेल्या एकाही माणसाला दुसऱ्याकडे बघवेना. इस्माईलभाईने उगाच पाना उचलला आणि खाली ठेवला.

ताई पुढं आली. "इस्माईलभाई, तुमचं काय म्हणणं?" तो म्हणाला, इंजिन जुनं आहे, सील थकलेत, कंपनीने सांगितलेल्या नंबरचं डिझेलचं साधं तेल घाला आणि वेळच्या वेळी बदला, गाडीला दुसरं काही लागत नाही. ताई म्हणाली, "तेच घाला. त्यांनी सगळी घालून बघितली. आता एक ठरलं म्हणजे ठरलं." बाबांनी तोंड उघडलं. "बाबा," ती म्हणाली, "गाडी माझी हाय." जावयाचा शब्द ज्या घरात कधी खाली पडला नाही, तिथं त्या दिवशी लेकीचा शब्दही पडला नाही.

सोमवारी पिकअप पूर्ण्याच्या रांगेत उभी होती. काम टिकलं. ड्रायव्हर चांगला मिळालाय, कमी बोलतो.

भावोजींची एक सवय सांगायची राहिली. सकाळी चावी फिरवली की ते गाडी लगेच हलवत नसत. तेलाला खालून वर चढायला वेळ द्यायचा, म्हणत, आणि तेवढा वेळ स्टिअरिंगसमोर हात मांडीवर ठेवून बसत. दिवसभरात तोंड मिटलेलं असायचं ते तेवढंच. ताई त्या वेळी डबा द्यायला म्हणून केबिनमध्ये चढे आणि शेजारी बसे. दोघं काही बोलत नसत. परवा सकाळी मी तिच्याकडे गेलो तर पिकअप दारात सुरू. ड्रायव्हर ओट्यावर चहाचा कप घेऊन बसलेला, गाडीकडे पाठ करून. आणि केबिनमध्ये ताई, तिच्या नेहमीच्या बाजूला, समोरच्या काचेतून कुठंतरी बघत. मला आता तेलातलं थोडंफार कळायला लागलंय. मी दार उघडून म्हटलं, "ताई, एवढा वेळ नाही लागत तेल चढायला. इस्माईलभाईला विचारलंय मी. उगाच डिझेल जळतंय."

ताईने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मी काय तेलासाठी बसलेय? इतका कसा रे मठ्ठ तू... दार लाव."