भुलाबाईच्या चालीवर जपानी

सुमनअक्कांची आणि माझी ओळख झाली, ती मी त्यांचा वर्ग सोडायला गेले तेव्हा. जळगावात नर्सिंग शिकताना आम्ही काही मुलींनी वृद्धांच्या सेवेसाठी जपानला जायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी अक्का आम्हाला जपानी शिकवणार होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पेटी उघडली आणि मी गारठले. पहूरला आमचं घर शिवणकामाचं. माझा गळा असा, की घरात मला कुणी गुणगुणूही देत नसे. तास संपल्यावर अक्कांना गाठून तसं सांगितलं आणि निघाले. अक्का मूळच्या शिरपूरकडच्या; माया दाटली की अहिराणीत बोलतात. म्हणाल्या, "सूर नही ते नही. ताल ते शे ना तुनाजोडे? बैस."

मी बसले.

मुलींच्या शाळेत आयुष्यभर संगीत शिकवून अक्का निवृत्त झाल्या. पुढे मोबाइलवर जपानी बालगीतं ऐकता ऐकता, पुस्तक हाती येण्याआधीच, निम्मी भाषा त्यांच्या तोंडात बसली. आम्हालाही त्यांनी त्याच वाटेनं नेलं. गाणी पुरेनात तेव्हा आमच्याकडे मुली फेर धरून खेळतात त्या भुलाबाईच्या चालींवर जपानी वाक्यं बसवली. भुलाबाईत गाणी संपली की झाकलेला खाऊ ओळखायचा असतो. अक्काही डबा झाकून ठेवत आणि 'अमाइ देसु का', म्हणजे गोड आहे का, असं जपानीतच विचारायला लावत. ओळखता आलं नाही तर डबा तसाच परत घरी जाई. या बाबतीत अक्का अगदी निर्दय होत्या. सुट्टीत घरी गेले की मी अब्बांच्या शिलाई मशीनच्या ठेक्यावर पाठांतर करायचे. अब्बा अजूनही कापड मोजताना मधूनच जपानी आकड्यांवर जातात.

मग एक दिवस वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या नव्या पदाधिकाऱ्यांनी विचारलं, की अक्कांनी स्वतःच जपानीची परीक्षा दिलेली नाही, तर त्या मुलींना परीक्षेला कशा बसवणार? शिकवायला प्रमाणपत्र असलेली व्यक्ती नसेल तर वर्ग बंद. आम्ही चिडलो, पण अक्का म्हणाल्या, त्यांचं चुकलं काय? आणि वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी आमच्या अर्जांबरोबर त्यांनी आपलाही अर्ज भरला.

निकाल त्यांनी स्वतः वर्गात वाचून दाखवला. "पोरी बठ्ठ्या पास शेतस. नापास मी एकलीच शे." कानानं भाषा शिकलेल्या अक्का नेमक्या ऐकण्याच्या भागात अडकल्या होत्या. चाल नसलेलं बोलणं भराभर निघून जातं, धरायला काही राहत नाही, असं त्यांनी हसत सांगितलं. मला मात्र रडू आवरेना, कारण वर्ग आता बंद पडणार हे दिसत होतं.

अक्कांनी ते आधीच ओळखून ठेवलं होतं. त्यांनी खडू माझ्या हातात दिला. प्रमाणपत्र आता माझ्याकडे होतं, तेव्हा शिकवायचं मी. स्वतः त्या पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. ज्यांना मी गाता येत नाही म्हणून सोडून निघाले होते, त्या माझ्यासमोर वही उघडून बसल्या होत्या. मी फळ्याकडे वळले, तसा त्यांनी बाकावर ठेका धरला. त्या ठेक्यावर मी पहिलं वाक्य लिहिलं.

तेव्हापासून पास झालेली मुलगी जपानला जाण्याआधी काही महिने वर्ग चालवते, आणि अक्का पेटी वाजवतात. मी आता जपानमध्ये वृद्धाश्रमात काम करते. अवघड काही बोलायचं असलं की अजून माझी बोटं मांडीवर ठेका धरतात. इथल्या आजीबाईंनी ते हेरलंय. त्या थांबतात आणि माझं वाक्य पुरं होऊ देतात.

अक्का मात्र पुढेही नापास होत राहिल्या. दर वेळी निकाल वर्गात वाचतात आणि पुढचा अर्ज भरतात. पंचाहत्तरीच्या या वर्षीचाही भरून झाला आहे.

अक्का, आपले कान तल्लख राहोत, गुडघे साथ देवोत आणि आपण शंभरी गाठा. परीक्षा वर्षातून दोनदा असते, म्हणजे अजून पन्नास वेळा बसता येईल. मध्येच पास झालात तरी सुटका नाही. पुढच्या पातळीचा अर्ज आम्ही पोरींनी आणून ठेवला आहे.